लाखेच्या तबकडीवरचा पार्कर

धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर उभे असलेले पळस झाडीपट्टीतल्या मूल गावाकडच्या माणसाला नवे नाहीत. होळीच्या सुमारास ते फुलले की सगळे बघतात, पत्रावळीला पानं लागली की आठवण होते, एरवी कुणी ढुंकून पाहत नाही. या झाडाच्या कोवळ्या फांदीवर एक बारीकसा किडा वस्ती करतो, फांदीचा रस पितो आणि स्वतःभोवती राळेचं कवच चढवत जातो. तीच लाख. फांद्या तोडायच्या, लाख खरवडायची, कुटून धुवायची, मग कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर पिळायची. वितळून बाहेर आलेली लाख जुने कारागीर हातापायांनी आणि वेळ पडली तर दातांनी धरून ताणायचे आणि तिचा पातळ पत्रा करायचे. पळस-बोरीवरची ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसुमी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातून जायची. छोटा नागपूर हे तिचं मोठं आगर. मध्य प्रांतही होता, आणि आपला झाडीमुलूख तेव्हा मध्य प्रांतातच मोडत होता. माल जायचा कलकत्त्याच्या बंदरातून.

जगाला एवढी लाख लागायची कशाला? लाकडाच्या पॉलिशला, विजेच्या सामानाला, आणि फार मोठ्या प्रमाणावर ग्रामोफोनच्या तबकड्यांना. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती काळी तबकडी म्हणजे दगडाची बारीक भुकटी, काजळी, थोडा कापसाचा तंतू आणि हे सगळं धरून ठेवणारी लाख. लाखेचा हिस्सा साधारण पाव, पण तिच्याशिवाय बाकीचं सगळं माती. ती उष्णतेने मऊ होते, साच्यातली केसाएवढी खाचही उचलते आणि थंड झाली की दगडासारखी घट्ट बसते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास आवाज मावायचा. तेवढ्यात काय ते आटपायचं.

आता अमेरिकेत चला. साल १९४२. जपान युद्धात उतरल्यामुळे पूर्वेकडच्या जहाजांचा भरवसा उरला नव्हता आणि लाख लष्करालाही हवी होती. एप्रिलमध्ये सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेला कात्री लावली: आदल्या वर्षी वापरली त्याच्या फक्त ३० टक्के मिळणार. जुनी फुटकी रेकॉर्ड आणून द्या, मग नवी घ्या, असा व्यवहार दुकानांतून सुरू झाला. एवढ्याने भागलं नाही म्हणून की काय, १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो. त्यांचं म्हणणं सरळ होतं: रेडिओ आणि हॉटेलातली पैसे टाकून वाजणारी यंत्रं आमचीच रेकॉर्ड वाजवून आमच्याच पोटावर पाय देतात, तेव्हा विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डमागे संघटनेच्या निधीत पैसे भरा. डेका कंपनी १९४३ च्या सप्टेंबरात नमली. व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन धेंडांनी १९४४ च्या नोव्हेंबरापर्यंत ताणून धरलं.

नेमक्या याच दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, मिंटन्स आणि मन्रोज या दोन क्लबांत, पोटापाण्याचं वाजवून झाल्यावर रात्री उशिरा जमणारे काळे तरुण जॅझची पार उलथापालथ करत होते. तोवरचं जॅझ मोठ्या वाद्यवृंदाचं, नाचणाऱ्यांसाठी वाजवलेलं. या पोरांनी वृंद चार-पाच जणांवर आणला, लय दुप्पट केली आणि सुरावटीला अशी वळणं दिली की नाचणाऱ्याने पाय कुठे टाकावा तेच कळू नये. याला पुढे बीबॉप नाव पडलं. त्यातला सगळ्यात मोठा वादक ऑल्टो सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, आणि बीबॉप घडत असतानाची स्टुडिओतली नोंद जवळजवळ नाहीच. १९४३ मध्ये पार्कर अर्ल हाइन्सच्या वृंदात होता, सोबत ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी. त्या वृंदाची एकही तबकडी निघाली नाही. हाती काय, तर बॉब रेडक्रॉस नावाच्या मित्राने शिकागोतल्या हॉटेलच्या खोलीत घरगुती यंत्रावर टिपलेले काही तुकडे.

म्हणून पार्करची सुरुवातीची ध्वनिमुद्रणं ऐकताना मी एक गोष्ट धरून चालतो. आपल्याला मिळालेला पार्कर हा व्यापाराच्या बारीक फटीतून आत आलेला पार्कर आहे. काय वाजवायचं, किती वेळ, कुणाच्या नावावर आणि किती पैशांत, हे त्याने ठरवलेलं नव्हतं. त्याने ठरवलं ते त्या तीन मिनिटांच्या आतलं.

पार्करचा जन्म २९ ऑगस्ट १९२० चा, कॅन्सस सिटीचा. तिथल्याच जे मॅकशॅनच्या वृंदात तो विशीत वाजवू लागला. या वृंदाने १९४० च्या अखेरीस विचिटा गावच्या रेडिओ केंद्रावर काही गती ध्वनिमुद्रित केल्या. त्या बाजारासाठी नव्हत्या. बाजारासाठीचं पहिलं ध्वनिमुद्रण ३० एप्रिल १९४१ ला, टेक्सासातल्या डॅलसमध्ये, डेकासाठी. मॅकशॅनचा वृंद बरंच काही नवं वाजवायचा, पण कंपनीच्या माणसाला हवा होता ब्लूज, कारण काळ्या वस्त्यांत तोच खपायचा. वॉल्टर ब्राउन या गायकाचं एक ब्लूज गाणं चांगलंच चाललं. त्या गाण्यात पार्कर नाही. तो आहे त्याच तबकडीच्या पाठीमागे, 'हूटी ब्लूज' मध्ये, चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांपुरता, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आसपास. लोकांनी तबकडी घेतली गायकासाठी. गावोगावच्या सॅक्सोफोनवाल्यांनी ती उलटून लावली आणि हा कोण म्हणून विचारत सुटले. आमच्याकडे नाटकातल्या दुय्यम नटाने एका प्रवेशात नाटक पळवावं, तसा प्रकार.

त्या अर्ध्या मिनिटात काय आहे? सूर जाडा नाही, थरथरत नाही. त्या काळचे ऑल्टोवाले प्रत्येक लांब सुराला गोड हेलकावा देत. पार्कर सूर सरळ, कोरडा, धारेने काढतो. दुसरं, तो आवर्तनाच्या रेघेवर थांबत नाही. वाक्य रेघेच्या अलीकडे सुरू होतं आणि पलीकडे जाऊन संपतं. २ जुलै १९४२ ला, बहिष्काराला महिना उरला असताना, याच वृंदाने न्यूयॉर्कमध्ये 'द जंपिन ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं. त्यातल्या पार्करच्या तुकड्याची सुरुवातीची सुरावट पुढे 'ऑर्निथॉलॉजी' या प्रसिद्ध गतीचं तोंड बनली. मग संप, आणि दोन वर्षं स्टुडिओचं दार बंद.

दार उघडलं ते छोट्या कंपन्यांमुळे. मोठ्या कंपन्या भांडत बसल्या असताना नेवार्कच्या हर्मन लुबिन्स्कीच्या सॅव्हॉयसारखी दुकानवजा लेबलं संघटनेशी करार करून मोकळी झाली. १५ सप्टेंबर १९४४ ला गिटारवाला टायनी ग्राइम्सच्या पंचकात पार्कर सॅव्हॉयसाठी वाजवायला बसला. चार गती झाल्या, त्यातली एक त्याची स्वतःची: 'रेड क्रॉस', त्या हॉटेलातल्या मित्राच्या नावावरून. १९४५ मध्ये गिलेस्पीबरोबर गिल्ड नावाच्या आणखी एका छोट्या लेबलासाठी 'ग्रूव्हिन हाय', 'शॉ नफ', 'हॉट हाउस' झाल्या आणि बीबॉप म्हणजे काय ते पहिल्यांदा दुकानात विकत मिळू लागलं.

इथे या गतींची एक गोम सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. झाडीपट्टीच्या नाटकाला बसणाऱ्याला पद म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' छापलेली असायची: अमुक बंदिशीच्या, अमुक लावणीच्या चालीवर. चाल जुनी, शब्द नवे. बीबॉपवाल्यांनी याच्या उलट केलं. पाश्चात्य गाण्यात चालीच्या खाली कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या जुडग्यांची, एक ठरलेली माळ असते. त्यांनी माळ जुनी ठेवली आणि वर चाल नवी बसवली. 'रेड क्रॉस' च्या पोटात गर्शविनचं १९३० सालचं गाजलेलं गाणं आहे, वरून ओळखू येत नाही. यात कला होती आणि हिशेबही होता. कायदा चालीची मालकी मानतो, कॉर्डच्या माळेची मानत नाही. चाल बदलली की जुन्या गाण्याच्या प्रकाशकाला छदाम द्यावा लागत नाही. सॅव्हॉयसारख्या कंपनीला हे फारच सोयीचं होतं.

२६ नोव्हेंबर १९४५ चा दिवस या सगळ्याचा कळस. न्यूयॉर्कमधला डब्ल्यूओआर स्टुडिओ, पहिल्यांदाच पार्करच्या स्वतःच्या नावाने बोलावलेली बैठक. नियम असा की तीन तासांत चार बाजू भरायच्या. पियानोला बड पॉवेल यायचा होता, तो आलाच नाही. ट्रम्पेटला १९ वर्षांचा माइल्स डेव्हिस. ड्रमवर मॅक्स रोच, बासवर कर्ली रसेल. गिलेस्पी हजर होता, पण तो दुसऱ्या कंपनीशी बांधलेला, म्हणून लेबलावर त्याचं नाव येऊ द्यायचं नव्हतं. त्याने कधी पियानो सांभाळला, कधी ट्रम्पेट. आर्गॉन थॉर्नटन नावाचा आणखी एक पियानोवाला आला आणि कुठल्या तुकड्यात पियानोवर नक्की कोण, हा वाद अभ्यासकांना आयुष्यभर पुरला आहे. त्यात पार्करचा सॅक्सोफोन मधूनच चिरकत होता.

ठरलं असं की 'चेरोकी' च्या माळेवर काहीतरी वाजवायचं. 'चेरोकी' हे रे नोबल या इंग्रज वृंदप्रमुखाचं १९३८ चं गाणं, ६४ आवर्तनांचं लांबलचक, मधल्या भागात पट्टीचे अवघड बदल. पार्करचं त्याच्याशी जुनं नातं. १९३९ च्या डिसेंबरात हार्लेममधल्या एका खाणावळीत तो बिडी फ्लीट या गिटारवाल्याबरोबर याच गाण्यावर घासत बसायचा, आणि कॉर्डच्या वरच्या स्वरांवरून सुरावट चालवली तर डोक्यात ऐकू येतं ते हाताने निघतं, हे त्याला तिथे सापडलं, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे.

पहिला टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न, सुरू झाला. प्रस्तावना झाली आणि पार्कर व गिलेस्पी दोघेही 'चेरोकी' च्या मूळ चालीत शिरले. लगेच शिट्टी, टाळी, आरडाओरडा, वादन थांबलं. मूळ चाल तबकडीवर गेली तर नोबलच्या प्रकाशकाला पैसे द्यावे लागणार! हा मोडलेला टेक शिल्लक आहे आणि ऐकता येतो. दुसऱ्या टेकमध्ये त्यांनी चालच गाळली. प्रस्तावना संपली की थेट पार्करची उपज. पैसे वाचवायच्या खटपटीत जॅझमधली एक अजोड गोष्ट तयार झाली: चाल नसलेली, डोक्यापासून पायापर्यंत नुसती उपज. नाव दिलं 'को को'.

'को को' घड्याळ लावून ऐकावी. एकूण लांबी तीन मिनिटांच्या आत. प्रस्तावना ३२ आवर्तनांची: आठ दोघांची एकत्र, आठ ट्रम्पेटची, आठ सॅक्सची, पुन्हा आठ एकत्र. या वेळी ट्रम्पेट गिलेस्पीच्या हातात. डेव्हिसने नंतर कबूल केलं की ही लय त्याच्या आवाक्याबाहेरची होती. लय मिनिटाला ३०० मात्रांच्या आसपास. मग पार्करचे दोन फेरे, प्रत्येकी ६४ आवर्तनं, चार मात्रांचं एक आवर्तन: एकूण ५१२ मात्रा, साधारण पावणेदोन मिनिटं. दुगुणीत वाजवतोय म्हणजे सेकंदाला दहाएक स्वर. वेगाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मला वेग तेवढा महत्त्वाचा वाटत नाही, वेगाने वाजवणारे तेव्हाही होते. ऐकायचं ते वजन. तो दहापैकी एखादाच स्वर ठासतो, आणि तो कधी मात्रेवर, कधी मात्रांच्या मध्ये. काही स्वर नुसते गिळतो. त्यामुळे सरळ धावणाऱ्या रेघेच्या पोटात दुसरीच एक वाकडी लय चाललेली असते. आपल्याकडे तबलजीच्या कायद्यात बोल तेच ठेवून वजन हलवतात, त्या कानाने ऐकलं तर हे लवकर सापडतं. नंतर रोचचा ड्रम, आणि शेवटी प्रस्तावना पुन्हा. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने २००२ मध्ये जपणुकीच्या ध्वनिमुद्रणांची राष्ट्रीय यादी सुरू केली, तिच्या पहिल्याच खेपेत 'को को' आहे.

त्याच बैठकीतले दोन ब्लूज, 'बिलीज बाउन्स' आणि 'नाउज द टाइम', बाजारात आले तेव्हा 'डाउन बीट' मासिकाच्या परीक्षकाने त्यांची सालं काढली. 'नाउज द टाइम' चं नशीब आणखी वाईट. तिचीच चाल १९४९ मध्ये 'द हकलबक' या नावाने, दुसऱ्याच्या नावावर, त्याच सॅव्हॉयने काढली आणि ती देशभर नाचली गेली. पार्करच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. प्रकाशकांना चुकवण्याचा खेळ त्याच्यावरच उलटला.

आता सॅव्हॉयची बाजूही सांगतो. तेव्हा टेपवर कापाकापी नव्हती. चकतीवर थेट कोरलं जायचं, बिघडलं की नवी चकती आणि नवा टेक. चांगला टेक निवडून बाकीचे टाकून देणं ही रीत. सॅव्हॉयने मात्र बरेच टेक ठेवून दिले आणि पार्कर गेल्यावर एकेक करून विकले. हेतू धंद्याचा, पण फायदा आपला झाला. 'बिलीज बाउन्स' चे पाच टेक आहेत, बाजारात गेला तो पाचवा. 'नाउज द टाइम' चे चार, निवडला चौथा. पाठोपाठ ऐकले की कळतं, हा माणूस बसवलेलं वाजवत नाही. प्रत्येक टेकमध्ये उपज वेगळी, काही ठेवणीतली वाक्यं तेवढी पुन्हा येतात, पण येतात निराळ्या जागी. कधी आधीचा टेक पार्करच्या दृष्टीने सरस, पण दुसऱ्या कुणाची चूक झाली म्हणून बाद. उस्ताद अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आपण कौतुकाने ऐकतो, तासाभराचा राग त्यात कसा दाबून बसवला ते बघतो. त्या तबकड्यांआधीचे फसलेले दोन-चार टेक हाती असते, तर घराण्यांवरची निम्मी भांडणं मिटली असती.

पार्कर १९४५ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसला गेला. तिथे रॉस रसेल या रेकॉर्ड दुकानदाराने त्याच्यासाठी डायल नावाचं लेबलच काढलं. २८ मार्च १९४६ च्या बैठकीत 'यार्डबर्ड स्वीट', 'ऑर्निथॉलॉजी' आणि 'मूस द मूच' झाल्या. शेवटचं नाव हेरॉइन पुरवणाऱ्याचं. पार्करने या बैठकीच्या हक्काच्या पैशातला अर्धा वाटा त्याला लिहून दिला होता. 'अ नाइट इन ट्युनिशिया' च्या एका बाद टेकमधला चार आवर्तनांचा एकट्या सॅक्सचा तुकडा इतका भन्नाट निघाला की तो तेवढाच पुढे वेगळा विकला गेला.

२९ जुलै १९४६ ची 'लव्हर मॅन' मात्र मला ऐकवत नाही. नशा तुटलेली, अंगात त्राण नाही, डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांनी गुंगी; पियानो सुरू होऊन पुढे गेला तरी सॅक्स उठत नाही, उठतो तेव्हा लडखडतो. त्याच रात्री हॉटेलात गोंधळ झाला, अटक झाली आणि पार्कर कॅमारिल्लोच्या मनोरुग्णालयात सहा महिने होता. रसेलने ती तबकडी विकली. पार्करला त्याचा शेवटपर्यंत राग होता. काही थोर वादकांना तिच्यात खरी वेदना दिसते. मला तिच्यात आजारी माणसाच्या खाटेजवळ तिकीट लावून बसलेला दुकानदार दिसतो. बाहेर आल्यावर, १९४७ च्या फेब्रुवारीत, पार्करने 'रिलॅक्सिन ॲट कॅमारिल्लो' हा ब्लूज केला, तो ऐका. तोल पूर्ण परत आलेला आहे.

आपल्याकडे हे कधी पोचलं? मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात काळ्या अमेरिकी वादकांचे वृंद १९३० च्या दशकातच आले होते. त्यांच्याकडे कान लावून शिकले ते गोव्याचे ख्रिस्ती वादक. चर्चच्या शाळांत त्यांना नोटेशन शिकवलेलं असायचं. अल्डोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांकडे आला आणि १९५१ च्या 'अलबेला' मध्ये तो वृंदासह पडद्यावरही दिसतो. ते मुख्यतः जुन्या, नाचाच्या वळणाचं जॅझ. बीबॉपचा सॅक्सोफोन पुढच्या पिढीत रुजला. त्यातलं मोठं नाव चिकचे जावई, नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस. १९७० मध्ये 'रागा रॉक' ही त्यांची रेकॉर्ड एचएमव्हीने काढली, तोवर पार्करला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तो गेला १२ मार्च १९५५ ला. तपासणाऱ्या डॉक्टरने वय पन्नाशीपुढचं लिहिलं. तो ३४ वर्षांचा होता.

१९४८ मध्ये प्लास्टिकची लाँग-प्ले तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची, आणि लाखेचा हा मोठा बाजार बसत गेला. आज आपल्या जंगलांतली लाख औषधी गोळ्यांच्या नि फळांच्या चकाकीसाठी जाते.

ऐकायचंच ठरवलंत तर सोपा क्रम सांगतो. आधी 'हूटी ब्लूज', मग 'रेड क्रॉस'. त्यानंतर 'को को' चा मोडलेला टेक आणि लगेच पुरा टेक. आवडलं तर 'बिलीज बाउन्स' चे पाचही टेक एका बैठकीत ऐका, अर्धा तासही लागणार नाही. इंटरनेटवर सगळं मिळतं. 'लव्हर मॅन' वगळलीत तरी काही बिघडत नाही.